रतननं पुसलेले डाग

गुलाबाचा फोटो काढताना रतन ओव्हाळ श्वास घेत नाही. दोन्ही कोपरं बरगड्यांना घट्ट लावायची, फोन दोन्ही हातांत धरायचा, श्वास अर्धा सोडून तिथंच रोखायचा आणि अंगठ्यानं हलकेच टिचकी मारायची. फूल इतकं जवळ असतं की श्वासानंसुद्धा पाकळी हलते, आणि पाकळी हलली की सगळी मेहनत पाण्यात. ही विद्या तिला कुणी वर्गात बसवून शिकवली नाही. फोन तापेपर्यंत फोटो काढून, चुकून, पुसून, पुन्हा काढून तिनं ती कमावली. परंदवडीत तिच्याइतकं जवळून फूल दाखवणारं दुसरं माणूस नाही, हे मी पैजेवर सांगेन. आणि ह्याच विद्येनं तिला गोत्यात आणलं, हेही मलाच सांगावं लागणार आहे.

रतन मूळची मळवलीची. तिचे वडील तिथल्या एका बंगल्यावर माळी आणि राखणदार असं दोन्ही होते. शनिवार-रविवार आला की मालकांचे पाहुणे यायचे, गळ्यात हे एवढाले कॅमेरे. वडिलांनी जीव लावून वाढवलेल्या जास्वंदीपुढे, डेलियापुढे ते गुडघे टेकून बसायचे. छोटी रतन कुतूहलानं जवळ गेली की त्यातला एखादा मान न वळवताच म्हणायचा, "ए, जरा बाजूला हो गं. फुलाचा काढतोय." तिला राग यायचा नाही, हेच मला आजही खटकतं. तिला वाटायचं, खरंच की, आपण मधे आलो तर फोटो बिघडायचा. जे बरं दिसत नाही ते बाजूला करायचं, हा फोटोचा पहिला धडा तिला असा मिळाला. आणि लहानपणचे धडे मोठे चिवट असतात, अक्षरं विसरतात पण ते विसरत नाहीत.

लग्न होऊन ती परंदवडीला आली. नवरा तळेगावच्या एका कंपनीची बस चालवतो, पाळीप्रमाणे कधी दिवसा घरी तर कधी संध्याकाळी. मुलगी पायल थोडी मोठी झाल्यावर रतन आदिनाथच्या पॉलिहाऊसमध्ये कामाला लागली. आदिनाथ गावातल्या जमीनदार घरातला, शेतीची पदवी घेतलेला मुलगा. आजोबांनी जिथं भात लावला तिथं ह्यानं प्लॅस्टिकचं छत टाकून गुलाब लावले. मावळात प्रेम फेब्रुवारीत पिकतं, असं आम्ही चेष्टेनं म्हणतो. त्या महिन्यातल्या एका दिवसासाठी इथले गुलाब दिल्ली-मुंबईला पेट्या भरभरून जातात, आणि डिसेंबरात छाटणी करून सगळे त्या दिवसाच्या तोंडाकडं बघत बसतात.

रतनला तिथं टिकवलं ते हौशीराम आबांनी. हौशीराम म्हणजे पॉलिहाऊसचा फवारणीवाला. पाठीवर पंप, तोंडाला फडकं, डोक्यावर जुनी टोपी. छत उभं राहिलं त्या दिवसापासून ह्या माणसानं एकही बेड, म्हणजे गुलाबाचा वाफा, फवारायचा सोडला नव्हता. रतनच्या पहिल्या दिवशी दुपारी डबे उघडले, तेव्हा बाकीच्या बायकांनी आपापलं कोंडाळं केलं. रतन बौद्धवस्तीतली, कोंडाळं का झालं ते तिलाही कळलं आणि त्यांनाही. हौशीराम आबा मात्र सरळ तिच्यापुढं येऊन बसले. "काय आणलंयस गं? सुकट हाय व्हय? मग हिकडं सार की." त्यांनी तिच्या डब्यातली अर्धी भाकरी मोडून घेतली आणि आपली तिच्या डब्यात टाकली. कोंडाळं आठवडाभरात मोडलं. रतन हे कधी विसरली नाही.

त्याच दिवशी त्यांनी तिला पॉलिहाऊसचा कायदाही सांगितला. "हे बग, मुळाला पाणी, फुलाला न्हाई. ठिबक हाय ते त्याच्यासाठीच. वल्या हातानं कळीला शिवायचं न्हाई. आन् सकाळ झाली की बाजूचे पडदे वर. आत हवा खेळली पायजे, न्हाईतर बुरशी बसलीच म्हणून समज. माणसाचं न् गुलाबाचं सारकंच, कोंडून ठिवलं की नासतंय."

रतननं मान डोलावली, आणि कितीतरी वर्षं तो कायदा डोळ्यांत तेल घालून पाळला.

मग पायलनं आईला आपला जुना फोन दिला.

सुरुवात आपल्या सगळ्यांची होते तशीच झाली. भर दुपारी फोटो काढायचा, लाल गुलाब काढायचा, आणि फोटोत नुसता लाल गोळा उमटायचा, पाकळीला पाकळी उरायची नाही. मग त्याच्यावर पायलनं दाखवलेलं अॅप उघडून रंग इतका चढवायचा की बघणाऱ्याच्या डोळ्यांना झिणझिण्या याव्यात. पण रतन तिथं थांबली नाही. तिच्या लक्षात आलं की सकाळी ऊन छतावर येऊन चाळून खाली पडतं तेव्हा फुलावर कडक सावल्या नसतात. लाल रंग भडकतो, म्हणून उजेड आधीच थोडा उतरवून मग काढायचा. मागं काळी छत्री उघडून धरली की बाकीचा पसारा दिसेनासा होतो आणि फूल एकटं उभं राहतं. ज्या बाजूला अंधार, तिथं पॅकिंगच्या पेटीतला थर्माकोलचा पांढरा तुकडा धरला की पाकळीच्या आतली घडीसुद्धा उजळते. पायलनं वाढदिवसाला फोनवर चिमट्यानं अडकवायचं भिंग आणून दिलं, आणि मग तर रतन कळीच्या आतच शिरली. हळूहळू तिचा हात अॅपमध्येही हलका झाला. रंग चढवायचा नाही, उलट किंचित उतरवायचा. चौकट कापून फूल मधून थोडं बाजूला घ्यायचं. आणि शेवटी डाग काढायचे. अॅपमध्ये ती सोय होती. डागावर बोट ठेवून फिरवलं की शेजारची पाकळी त्याच्यावर ओढली जायची. धूळ, कीटकानं कुरतडलेली कड, काट्याचा ओरखडा, सगळं गायब. रतनला ह्या कामाचं व्यसनच लागलं. चुलीवर भात ठेवून ती डाग पुसत बसायची.

आदिनाथनं ते फोटो पाहिले आणि त्याचे डोळे चमकले. त्यानं पॉलिहाऊसचं पान सुरू केलं, व्यापाऱ्यांना फोटो धाडायला लागला, आणि आसपासच्या गुलाबवाल्यांचा जो व्हॉट्सअॅप ग्रुप होता त्यात रतनलाही घेतलं. "रतनताई, तुमचा फोटो गेला की माल बघायची कुणी मागणीच करत नाही," असं तो चारचौघांत म्हणायचा. बंगल्यावर जिला बाजूला हो म्हटलं जायचं, तिला आता लोक पुढं बोलवत होते. तिला किती बरं वाटलं असेल, त्याचा हिशेब तुम्हीच करा.

पण फूल म्हणजे नुसतं फूल. त्याच्यावर दवाचे थेंब असले की बघणारा थांबतो, हे रतनला दिसत होतं. छताखाली दव कुठलं पडायला? मग तिनं एक छोटी फवाऱ्याची बाटली आणली. उत्तरेकडच्या कोपऱ्यात फिकट गुलाबी जातीचे बेड होते. तो रंग फोनला मानवायचा. तिथं ती रोज सकाळी दोन-चार फुलांवर बारीक थेंब मारायची. थेंब पाकळीच्या काठावर थरथरत उभा राहायचा आणि त्यात उलटं छत दिसायचं. आणि वाऱ्यानं फूल हलू नये म्हणून त्या बाजूचा पडदा खाली सोडायची. काम झालं की तो वर करायचा, असं तिनं मनाशी ठरवलेलं होतं. पण तेवढ्यात ग्रेडिंग हॉलमधून हाक यायची, दांडे मापायचे असायचे, जुड्या बांधायच्या असायच्या, आणि पडदा राहायचा. दुपारी कधीतरी कुणाच्या तरी लक्षात येऊन तो वर व्हायचा, कधी होतही नसे. मुळाला पाणी, फुलाला न्हाई, पडदे वर. आबांचा कायदा तिला पाठ होता. "चार फुलांनी काय हुतंय," असं ती स्वतःला सांगायची. असं स्वतःला सांगावं लागतं, तेव्हाच माणसाला ठाऊक असतं की काहीतरी होणार आहे.

ह्याच सुमारास आणखी एक काम तिच्याकडं आलं. पुण्याच्या अनघा मॅडम पॉलिहाऊसच्या सल्लागार. त्या महिन्यातून एकदा येत. एरवी दर आठवड्याला त्यांना फोटो पाठवायचे, म्हणजे पानाचा वरून, पानाचा खालून, कळीचा जवळून. ते बघून त्या औषध सांगत. हे फोटो आधी हौशीराम आबा काढायचे. त्यांचे फोटो म्हणजे निम्म्यात त्यांचं बोट आणि निम्म्यात जमीन. मॅडम वैतागल्या, आदिनाथ हसला आणि काम रतनकडं आलं. आबांनाही हायसं वाटलं. "मला त्यातलं काय दिसतंय? तुजा हात चांगलाय, तूच धाड."

जानेवारीतल्या एका गारठ्याच्या सकाळी रतननं मॅडमसाठी कळी जवळून टिपली आणि घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला. फिकट गुलाबी पाकळीच्या काठावर टाचणीच्या टोकाएवढे काळसर ठिपके होते. साध्या डोळ्यांना ते दिसलेही नसते. तिला वाटलं, हे आपण मारलेल्या पाण्याचे डाग. थेंब वाळले, डाग राहिले. आता मॅडम विचारणार, फुलाला पाणी कुणी लावलं? आणि आबा ऐकणार. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तिनं बोट ठेवलं, फिरवलं, ठिपके गेले. पाहुण्यांपुढं न्यायच्या आधी आपण पोराचं नाक पुसतो ना, तितक्या सहज. आणि फोटो पाठवला.

मॅडमचं उत्तर आलं, "वा, एकदम स्वच्छ. आहे तीच फवारणी चालू ठेवा."

पुढच्या आठवड्यात ठिपके वाढले. तिनं पाण्याची बाटली बंद केली, पण फोटो पुन्हा पुसला; कारण आता खरा फोटो पाठवला तर मॅडम विचारणार की गेल्या आठवड्यात हे का नव्हतं. एक खोटं झाकायला दुसरं लागतंच, त्याला वेगळं बोलावणं धाडावं लागत नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तिनं तेच केलं. दर वेळी मॅडमचा तोच निरोप आला, आणि आबा दर वेळी तेच जुनं औषध पंपात भरून, दमत दमत, कोपऱ्यापर्यंत फवारत गेले.

फेब्रुवारी उजाडला. पेट्या भरल्या, गाड्या सुटल्या, आणि दोन दिवसांनी दिल्लीच्या व्यापाऱ्याचा फोटो आला. फोटो हललेला, उजेड पिवळट, कोपऱ्यात त्याचा स्वतःचा अंगठा. पण त्यात होतं ते सगळं दिसत होतं. उघडलेल्या पेटीत गुलाबांच्या माना मोडलेल्या आणि पाकळ्यांवर राखेसारखी करडी बुरशी. पाठोपाठ दुसऱ्या व्यापाऱ्याचा तसाच फोटो आला. इथं निघाले तेव्हा चांगले दिसत होते ते गुलाब, वाटेत पेटीच्या दमटपणात नासले होते. वर्षाचा तो एक दिवस गेला.

अनघा मॅडम धावत आल्या. सगळं फिरून बघितलं आणि उत्तरेकडच्या कोपऱ्यात थांबल्या. तिथली झाडं वरपासून खालपर्यंत करडी पडली होती.

"सुरुवात इथून झाली आहे," त्या म्हणाल्या. "इथे फवारणी पोहोचत नव्हती का?"

आदिनाथ आबांकडं बघायला लागला. ग्रेडिंगच्या बायका आबांकडं बघायला लागल्या. रतन त्यांच्यात उभी होती. तिच्या हातात कात्री होती आणि ती कात्री उगीच उघडमीट करत होती.

आबा खाली वाकले. एक नासलेली कळी हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली, आणखी जवळ नेली. मग हळूच म्हणाले, "ऱ्हायला आसंल मॅडम ह्यो कोपरा. मला वाटतंय मी मारलं हुतं, पर ऱ्हायला आसंल. डोळ्याला हल्ली कमी दिसतंय माज्या."

बोलायचं तर हीच वेळ होती. रतनच्या जिभेवर शब्द आलेही असतील, पण तिनं ते गिळले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं तर संन्याशानंच आपली मान पुढं केली होती.

आदिनाथ वाईट माणूस नाही. त्यानं आबांना शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. "आबा, आता घरी आराम करा," एवढंच म्हणाला. पण रागात त्यानं ग्रुपवर लिहिलं, की फवारणीवाल्यांवर लक्ष ठेवा, आमचा एक कोपरा राहिला आणि सगळं गेलं. नाव घातलं नव्हतं. नाव घालायची गरजच नव्हती. परंदवडीपासून इंदुरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की आदिनाथकडं पंप कुणाच्या पाठीवर असतो.

आबा दुसरीकडं काम मागायला गेले. कुणी तोंडावर नाही म्हणालं नाही. "बघू, सांगतो," असं सगळे म्हणाले. नंतर रतनला त्यांच्या बायकोकडून, बयाबाईंकडून, किराणाच्या दुकानात कळलं की आबा आता घरातसुद्धा घाबरून वागतात. चहात साखर आपण घातली का नाही, हे दोनदा विचारतात. दाराला कडी लावून परत येऊन कडी चाचपतात. "म्हणत्यात, माजा आता मलाच भरवसा न्हाई. म्या मारलं आसं वाटतंय पर मारलं नसंल, मग आणिक काय काय ऱ्हायलं आसंल म्हणत्यात." बयाबाई हे सांगताना रडल्या नाहीत, नुसती साखरेची पुडी पदरात बांधत राहिल्या. रतन मात्र घरी येऊन मोरीत जाऊन रडली.

तिला वाटलं होतं, आबांचं नुसतं काम गेलं. काम जाणं हे तिला माहीत होतं, ते माणूस सोसतो. पण तिनं एका म्हाताऱ्याचा स्वतःवरचा विश्वास पुसला होता, बोट फिरवून, शेजारची पाकळी वर ओढून. बंगल्यावरचे पाहुणे तिला बाजूला हो म्हणायचे, तिनं तर आबांना न सांगताच फोटोतून काढून टाकलं होतं.

एक दिवस पायल सहज म्हणाली, "आई, तू फोटोला पडदा पाडायचीस, तो उत्तरेचाच कोपरा ना गं?"

"गप बस! तुला काय करायचंय?" रतन अशी ओरडली की पायल दचकून बघतच राहिली. मग आईचा चेहरा बघून ती पुढं काही बोलली नाही. त्या गप्प बसण्यानंच रतनचा उरलासुरला धीर गेला.

दुसऱ्या दिवशी ती आदिनाथकडं गेली आणि सगळं सांगून टाकलं. पाणी, पडदा, ठिपके, तीन आठवडे पुसलेले फोटो. आदिनाथ खुर्चीत मागं टेकून ऐकत राहिला. मग तो टेबलावरचं पेन फिरवायला लागला.

"रतनताई, हे अजून कुणाला सांगितलंत?"

"न्हाई दादा. आदी तुमालाच."

"मग सांगूही नका." तो पुढं वाकला. "राग मला आलाय, तो आहेच. पण आपलं सगळं त्या फोटोंवर चाललंय. आपल्याकडचे फोटो पुसलेले असतात हे एकदा बाहेर गेलं, तर उद्या कोण विश्वास ठेवणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि आबांचं म्हणाल तर त्यांचं वय झालंच होतं. पुढच्या महिन्यात त्यांना बोलवू, शाल-श्रीफळ देऊ, चांगला निरोप देऊ."

"पर आबांना वाटतंय की त्यांचंच चुकलं."

"आता सवय होईल त्यांना," आदिनाथ म्हणाला, आणि असं म्हटल्यावर त्याला स्वतःलाच लाज वाटली असावी, कारण तो खिडकीबाहेर बघायला लागला.

रतन उठली. शाल-श्रीफळ! न केलेल्या चुकीबद्दल सत्कार, आणि तोही चारचौघांत. तिला त्या माणसाचा राग आला, आणि लगेच कळलं की हा राग करायचा आपल्याला हक्क नाही.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती आबांच्या घरी गेली. घर गावठाणाच्या कडेला. आबा ओसरीत पोत्यावर बसले होते, हातात काही काम नव्हतं. पंप भिंतीला टांगलेला होता. तो त्यांच्या मालकीचा होता, घरी आणला होता.

"ये रतन," ते म्हणाले. "बस. आगं, च्या टाक जरा," असं आत सांगितलं.

रतन बसली नाही. तिनं फोन काढला. घरून ठरवून आली होती की तोंडानं बोलायचं नाही, फोटोच दाखवायचे. फोटो बोलतो, असा तिचा अनुभव होता. खरा एक आणि पुसलेला एक, दोन्ही शेजारी लावून ठेवले होते. ठिपके काढायची कला तिला होती, तशी ते दाखवायचीही होती. त्या खऱ्या फोटोत एकेक ठिपका कसा स्वच्छ, टोकदार आला होता!

"आबा, हे बघा. ह्यो पयला. आन् ह्यो दुसरा."

आबांनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "गुलाब दिसतुया."

"ह्याच्यावर ठिपकं हायेत बघा. हितं." तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. पाकळीचा एक काठ अख्ख्या काचेवर पसरला.

"गुलाबीच दिसतंय सगळं," आबा म्हणाले. "मला न्हाई कळत गं पोरी. काय हाय त्यात?"

रतनच्या हातातली सगळी विद्या तिथं संपली. तिनं फोन परत घेतला आणि खाली, आबांच्या समोर, जमिनीवर बसली. आता तोंडानंच बोलायला लागणार होतं.

"आबा, मी फुलाला पाणी लावायची. फोटोसाठी. तुमी न्हाई म्हणला हुतात तरी लावायची. आन् उत्तरेचा पडदा पाडायची, वर करायला इसरायची. तितंच बुरशी धरली. ठिपकं मला दिसलं हुतं, जानेवारीतच. मॅडमला धाडायच्या फोटोतनं मी ते पुसलं. तीनदा पुसलं. म्हणून मॅडमनी औषध बदललं न्हाई. तुमी मारत हुता ते औषध ह्या बुरशीचं नव्हतंच, आबा."

आत भांड्याचा आवाज थांबला. बयाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

आबांनी जे विचारलं, ते रतनला वाटलं होतं त्यातलं काहीच नव्हतं.

"म्हंजी कोपरा ऱ्हायला न्हवता?"

"न्हवता आबा."

"मी मारलं हुतं?"

"मारलं हुतं. परत्येक येळंला. शेवटच्या बेडापतुर."

आबांचा हात आपोआप भिंतीवरच्या पंपाकडं गेला. त्याचा पट्टा त्यांनी मुठीत धरला आणि तसाच धरून ठेवला. रतननं त्यांच्या पायाला हात लावायला घेतला, तर त्यांनी पाय मागं ओढला.

"हितं सांगून काय उपेग?" ते म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात धार होती. "जितं माजं नाव गेलंय, तितं सांग."

रतनच्या डोळ्यांपुढून सगळं गेलं. आदिनाथ, पान, रतनताई म्हणणारे व्यापारी, दुसऱ्या दिवशीचा ग्रेडिंग हॉल. परत एकदा जमिनीवर एकटीनं डबा उघडायचा, आणि ह्या वेळी समोर येऊन बसणारं कुणी नाही. तिनं ग्रुप उघडला. आदिनाथचा निरोप वर जाऊन अजून तिथंच होता, त्याच्याखाली लोकांनी जोडलेल्या हातांची चित्रं टाकलेली होती. फोटो टाकायची खूण तिच्या बोटाखाली सवयीनं आली. तिनं ते बोट काढलं आणि बोलायच्या खुणेवर दाबून धरलं.

"मी रतन ओव्हाळ बोलते, परंदवडीवरनं." तिचा आवाज फाटला. ती थांबली, पण बोट उचललं नाही. "आदिनाथदादांच्या पॉलिहाऊसात बुरशी आली ती माझ्यामुळं आली. मी फोटोसाठी फुलाला पाणी मारलं, पडदा पाडला, आन् डाग दिसले तवा फोटोतनं पुसून मॅडमला धाडले. हौशीराम आबांनी फवारायचं काय बी ठिवलं न्हवतं. कोपरा ऱ्हायला न्हवता. आबांचं काय बी चुकलेलं न्हाई."

बोट उचललं. निरोप गेला. बाहेर कोंबड्या कलकलाट करत होत्या, बयाबाईंचा चहा आत उतू जाऊन करपल्याचा वास येत होता, आणि कुणी उठलं नाही.

"लाव बगू," आबा म्हणाले.

तिनं लावला. आबांनी कान पुढं केला, डोळे मिटले. तिचा फाटलेला आवाज त्या ओसरीत परत एकदा सगळं सांगून गेला.

"परत लाव."

तिनं परत लावला. आबा तिच्याकडं बघत नव्हते. चूक माफ केली असंही म्हणाले नाहीत, आणि पुढंही कधी म्हणणार नव्हते. 'कोपरा ऱ्हायला न्हवता' आलं तसं त्यांनी पंपाचा पट्टा जरा घट्ट धरला.

तेवढ्यात फोन वाजायला लागला. काचेवर आदिनाथचं नाव आलं. रतननं आबांकडं बघितलं, आणि तो कट केला.

"आगं, तितं का हुबी?" आबा बयाबाईंना म्हणाले. "हिकडं ये. ऐक." मग रतनकडं न बघताच त्यांनी हात पुढं केला. "परत लाव. मोठ्यानं लाव."